ध्यान की मनन? आणि 'आत बघणं' ख्रिस्ती श्रद्धेत बसतं का?

प्रश्न असा आहे. विचारणाऱ्या ताईंनी आपल्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) तरुणांच्या गटात म्हटलं, "चला दहा मिनिटं ध्यान करू या, प्रत्येकाने जरा स्वतःच्या आत डोकावून बघू या." तेव्हा तिथल्या एका ज्येष्ठ काकांनी त्यांना थांबवलं, म्हणाले ध्यान हा आपला शब्द नाही, आपण मनन करतो, आणि आत बघायचं नसतं, वर बघायचं असतं. ताईंना विचारायचंय की या दोन शब्दांत खरंच फरक आहे का नुसती सवय आहे, आणि असं आत बघणं ख्रिस्ती माणसाला चालतं का.

थोडक्यात सांगायचं तर फरक आहे, पण काकांना वाटतो तो नाही. आणि आत बघणं चालतं, बायबलमध्येच सांगितलंय. फक्त मराठीत ध्यान म्हटलं की लगेच "कोणाचं?" असा प्रश्न येतो ना, त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. माझ्या मते सगळी गोष्ट त्या षष्ठीच्या, म्हणजे चा-ची-चं या प्रत्ययात आहे.

आधी "आपला शब्द नाही" याबद्दल. ध्यान हा 'ध्यै' धातूवरून आला, मनन हा 'मन्' वरून, दोन्ही संस्कृत, दोन्ही उपनिषदांच्या आणि दर्शनांच्या घरातले. वेदान्तात श्रवण, मनन, निदिध्यासन अशी ठरलेली त्रयीच आहे, म्हणजे मनन हा काही ध्यानापेक्षा जास्त ख्रिस्ती शब्द नाही, तोही तिथूनच आलाय, फक्त बायबलच्या मराठी भाषांतरात बसून बसून आपल्याला घरचा वाटायला लागला. पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष देवाच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो असं आपण लहानपणापासून पाठ म्हणत आलोय, त्यामुळे कानाला तो शब्द पवित्र वाटतो. देव, भक्ती, प्रार्थना, उपासना हे शब्दही असेच आलेत आणि कोणी अडवलं नाही. शब्द कुठून आला यापेक्षा आता तो कोणाकडे बोट दाखवतो हे बघायला हवं.

आता या स्तोत्रातलं मूळ हिब्रू क्रियापद बघण्यासारखं आहे, मला तर ते कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. त्याचा अर्थ शांत बसून विचार करणं असा नाहीच, त्याचा अर्थ पुटपुटणं, गुणगुणणं, हळू आवाजात घोकणं. यशयाच्या पुस्तकात ३१व्या अध्यायात सिंह आपल्या शिकारीवर उभा राहून गुरगुरतो तिथे हेच क्रियापद आहे, आणि ३८व्या अध्यायात आजारी हिज्कीया राजा पारव्यासारखा घुमतो तिथेही हेच. म्हणजे घशातून येणारा आवाज. माझी आजी स्तोत्रं वाचायची तेव्हा तिचे ओठ हलत राहायचे, आवाज जेमतेम यायचा, एक ओळ झाली की चष्मा कपाळावर सरकवून डोळे मिटून तीच ओळ पुन्हा, मला लहानपणी वाटायचं ही कोणाशी तरी बोलतेय. हिब्रू मनन म्हणजे हुबेहूब हेच. जर्मन धर्मसुधारक लूथरने १५३९ साली आपल्या जर्मन लिखाणाच्या प्रस्तावनेत हाच मुद्दा मांडला, की मनन नुसतं मनात करायचं नसतं, शब्द तोंडाने म्हणायचे, पुन्हा पुन्हा वाचायचे, घासून बघायचे.

आणि गंमत बघा, पहिल्या स्तोत्रात हे क्रियापद आहे आणि लगेच दुसऱ्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत परत तेच आहे, पण तिथे राष्ट्रं देवाविरुद्ध व्यर्थ बेत रचतायत. एकच क्रियापद, एकीकडे धन्य माणूस आणि दुसरीकडे बंडखोर. म्हणजे घोकण्याची क्रिया आपोआप पवित्र होत नाही, काय घोकताय त्यावर सगळं आहे. रात्रभर जागून एखाद्याबद्दलचा राग मनात घोळवत बसलो तर तेही त्या अर्थाने मननच की.

पश्चिमेकडच्या मठांमध्ये याच क्रियेला लॅटिनमध्ये रुमिनाशिओ म्हणायचे, म्हणजे चक्क रवंथ करणं, गाय करते तसं. बाराव्या शतकात दुसरा गिगो नावाचा कार्थुसियन (एका एकांतवासी मठपंथाचा) साधू होऊन गेला, त्याने एक शिडी सांगितली, चार पायऱ्यांची : लेक्शिओ, मेडिटाशिओ, ओराशिओ, काँटेम्प्लाशिओ. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मेडिटाशिओ म्हणजे तो चावणं, प्रार्थना म्हणजे त्याची चव काढणं, आणि शेवटची पायरी म्हणजे ती गोडीच. आता मराठीत हे मांडायचं तर मेडिटाशिओला मनन अगदी फिट्ट बसतं, आणि काँटेम्प्लाशिओच्या जवळ जाणारा शब्द आहे ध्यान. पण इंग्रजीतून आपल्याकडे उलटं होऊन आलं, ध्यानासाठी इंग्रजीत मेडिटेशन हा शब्द घेतला, मग तोच मेडिटेशन शब्द बौद्ध परंपरेतल्या साधनेसाठीही वापरला गेला (ध्यानचं पाली झान, त्याचं चिनी चान आणि जपानी झेन, हा एकाच शब्दाचा प्रवास आहे), आणि आता कोणी मेडिटेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे डोळे मिटून मन रिकामं करणारा माणूस येतो. काकांना जो शब्द खटकला तो बहुतेक हा फिरून आलेला ध्यान आहे, मूळ मराठी ध्यान नाही.

मूळ मराठीत ध्यान कधीच रिकामं नसतं. ध्यानात ठेवणं, ध्यानात येणं, ध्यानीमनी नसताना, सगळीकडे काहीतरी धरलेलं आहे. अभंगांत तर ज्याच्याकडे बघायचं त्या रूपालाच ध्यान म्हटलंय, म्हणजे शब्दाची क्रिया आणि शब्दाचं कर्म एकच होऊन गेलंय इतका हा शब्द समोरच्याला चिकटलेला आहे. पतंजलींची व्याख्यासुद्धा एका विषयावर चित्ताचा प्रवाह अखंड राहणं अशीच आहे. म्हणून "ख्रिस्ताचं ध्यान" हे मराठी म्हणून एकदम सरळ आहे, त्यात ओढूनताणून काही नाही.

इथे मराठीचं एक वैशिष्ट्य सांगायलाच पाहिजे, कारण या विषयात ते फार कामाला येतं. आपण मनन "करतो", पण ध्यान "करतो" आणि "लागतं" सुद्धा. मला झोप लागली, मला भूक लागली, तसं मला ध्यान लागलं. कर्ता चतुर्थीत गेला, म्हणजे हे मी घडवलेलं नाही, माझ्या बाबतीत घडलं. मनन लागलं असं कोणी म्हणत नाही. आता सोळाव्या शतकातली स्पेनची संत, आविलाची तेरेजा बघा, तिने प्रार्थनेची तुलना बागेला पाणी घालण्याशी केलीय : आधी विहिरीतून पोहऱ्याने शेंदायचं, मग रहाट, मग ओढ्याचं पाणी पाटाने, आणि शेवटी पाऊस. सुरुवातीला दंड भरून येतात, शेवटी माणसाने काहीच करायचं नसतं. करणं आणि लागणं यातला फरक तिने पोहरा आणि पावसाने सांगितला, मराठीने तो विभक्तीने सांगितलाय. आणि ख्रिस्ती विचारात ही गोष्ट कळीची आहे, देवाची भेट ही तंत्राने मिळवायची वस्तू नाही, ती कृपा आहे. कोणी सांगितलं की वीस मिनिटं असा श्वास घ्या म्हणजे देव भेटेल, तर तिथे अडचण आहे. कोणी म्हटलं मी शांत बसतो, बाकी त्याच्याकडे, तर अडचण नाही.

आता दुसरा भाग, "आत बघणं". काकांचं "वर बघा" हे मला अर्धं पटतं. चौथ्या स्तोत्रात स्पष्ट सांगितलंय की अंथरुणावर पडल्या पडल्या आपल्या मनाशी बोला आणि स्तब्ध राहा. हाग्गय संदेष्टा लोकांना म्हणतो आपल्या मार्गांकडे लक्ष द्या, मूळ हिब्रूत तर "आपलं हृदय आपल्या मार्गांवर ठेवा" असं आहे. ४२व्या स्तोत्रात माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू खिन्न का झालास. आणि प्रेषित पौल करिंथकरांना पहिल्या पत्रात ११व्या अध्यायात सांगतो की प्रभुभोजन घेण्याआधी माणसाने स्वतःची परीक्षा करावी, तिथलं ग्रीक क्रियापद धातू पारखण्यासाठीही वापरायचे, सोनं कसाला लावतात ना तसं. मंडळीत आपण आत्मपरीक्षण म्हणतो ते हेच. म्हणजे आत बघू नका असं म्हणता येत नाही.

पण हाच पौल त्याच पत्रात चौथ्या अध्यायात म्हणतो की मी स्वतःचाही न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. आधी मला हे परस्परविरोधी वाटायचं. मग १३९वं स्तोत्र नीट वाचलं तर शेवटच्या ओळींत वाक्याचा कर्ता बदललेला दिसला. "हे देवा, मला पारख, माझं मन जाण." मी मला पारखत नाही, पारखणारा तो, मी फक्त दार उघडून देतो. आत्मपरीक्षणातला 'आत्म' हा इथे परीक्षेचा विषय आहे, परीक्षक दुसराच आहे. म्हणून जेझुइट संघ स्थापणाऱ्या लोयोलाच्या इग्नेशियसने रोजच्या परीक्षणाचा जो क्रम घालून दिला (त्याच्या साधनाक्रमाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली) त्यात पापं मोजायला पहिल्या नंबरला ठेवलेलं नाही, आधी आभार, मग उजेड माग, आणि मग दिवसाचा तास न् तास बघ, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. अंधाऱ्या खोलीत शिरताना आधी दिवा मागून घ्यायचा, एवढी साधी गोष्ट आहे ती.

दिवा न मागता शिरलं तर काय होतं तेही लोकांनी भोगलंय. लॅटिनमध्ये स्क्रुपुलस म्हणजे टोकदार बारीक खडा, त्यावरून सतत स्वतःचे दोष उकरत बसणाऱ्या बेचैन मनाला नाव पडलं. चपलेत खडा अडकल्यावर दर पावलाला तोच टोचतो, रस्ता दिसत नाही. लूथर मठात असताना याच बेचैनीतून गेला, कबुली देऊन बाहेर पडला की पुन्हा काहीतरी आठवायचं, आणि त्यानेच नंतर पापी माणसाचं वर्णन स्वतःतच वाकून वळलेला असं केलं. मला वाटतं काकांच्या "आत बघू नका" मागे हीच काळजी असावी, आणि ती खोटी नाही.

आणखी एक गोंधळ 'आत्मचिंतन' या शब्दाने होतो. रोजच्या मराठीत "जरा आत्मचिंतन करा" म्हणजे आपण कुठे चुकलो ते बघा. वेदान्तात आत्मचिंतन म्हणजे आत्मतत्त्वाचं चिंतन, आणि खोल गेल्यावर ते तत्त्व आणि ब्रह्म एकच आहे असा अनुभव. ख्रिस्ती श्रद्धा निर्माता आणि निर्मिती वेगळे मानते, त्यामुळे पहिल्या अर्थाने शब्द चालतो, दुसऱ्या अर्थाने तो ख्रिस्ती राहत नाही, हे स्वच्छ सांगायला हरकत नसावी. प्राचीन काळातला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन, त्याने हे फार नेमकं धरलंय, तो म्हणतो बाहेर भटकू नकोस, आत परत ये, आणि आत आल्यावर तुझा स्वभाव बदलता दिसला तर स्वतःच्याही पलीकडे जा. अर्धं वाक्य घेतलं तर तो कुठल्याही अंतर्मुख साधनेचा वाटतो, पूर्ण घेतलं तर काकांचं "वर" आणि ताईंचं "आत" एकाच वाक्यात येतं.

उधळ्या पुत्राची गोष्ट या बाबतीत मला सगळ्यात जवळची वाटते. डुकरांपुढच्या शेंगांकडे बघत उपाशी बसलेल्या पोराबद्दल शुभवर्तमानकार लूक मूळ ग्रीकमध्ये लिहितो की तो "स्वतःकडे आला", मराठीत आपण "शुद्धीवर आला" म्हणतो. हे आत बघणंच आहे. पण तो तिथे बसून राहिला नाही, लगेच पुढे म्हणतो, "मी उठून आपल्या बापाकडे जाईन".

तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणण्याबद्दलही आक्षेप घेतला जातो, की येशूने व्यर्थ बडबड करू नका म्हटलंय. म्हटलंय खरं, मत्तय ६ मध्ये, पण रोख "व्यर्थ" वर आहे, जास्त बोललं की देव ऐकेल या समजुतीवर. गेथशेमाने बागेत स्वतः येशूने तिसऱ्यांदा तेच शब्द म्हणून प्रार्थना केली असं मत्तयच लिहितो, आणि १३६व्या स्तोत्रात २६ ओव्या आहेत नि प्रत्येकीत देवाची दया सनातन असल्याचं तेच पालुपद आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर" ही प्रार्थना श्वासाबरोबर म्हणायची परंपरा शतकानुशतकांची आहे, त्यावर चौदाव्या शतकात मोठा वाद झाला आणि ग्रेगरी पालामास या साधूने तिची बाजू लढवली.

कॅथलिक मंडळीचं म्हणणं हवं असेल तर १५ ऑक्टोबर १९८९ चं व्हॅटिकनचं पत्र आहे, कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीचं, जे पुढे पोप झाले. त्यात झेन, योग यांचा उल्लेख करून म्हटलंय की या पद्धती ख्रिस्ती नाहीत एवढ्यावरून त्या झिडकारू नयेत, उपयोगी ते घ्यावं, पण प्रार्थना म्हणजे देव आणि माणूस यांचा संवाद हे विसरू नये, आणि शरीराला मिळालेली शांतता म्हणजेच पवित्र आत्म्याचा अनुभव असं समजू नये.

तर ताई, गटात शब्द कुठला वापरावा? समोर वचन ठेवून बसणार असाल तर मनन म्हणा, तोच नेमका आहे. वाचून, प्रार्थना करून मग गप्प बसायचं असेल तर ध्यान म्हणा, पण "ख्रिस्ताचं ध्यान" असं पूर्ण म्हणा, नुसतं "ध्यान करू या" म्हटलं की ऐकणारा रिकामी जागा आपल्या मनाने भरतो आणि काकांनी ती त्यांच्या भीतीने भरली. "आत डोकावून बघू या" च्या जागी "देवासमोर स्वतःला तपासू या" म्हणून बघा, दोन शब्द वाढतात पण कोणाच्या उजेडात ते कळतं.

आणि जाता जाता, हल्ली सगळीकडे "वचनावर मनन" ऐकू येतं, तो 'वर' मला इंग्रजीतून आलेला वाटतो. पहिल्या स्तोत्रात "नियमशास्त्राचे मनन" आहे, वचनाचं मनन, ख्रिस्ताचं ध्यान. मी तरी 'चं' च वापरतो.