मृत्युपत्र हाती आहे, तरीही घर नावावर होत नाही

प्रश्न : दादरचा फ्लॅट माझ्या वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतला होता. आई पूर्वीच गेली. शेवटच्या आजारपणात वडील माझ्याकडे राहत होते, तेव्हा त्यांनी स्वहस्ते मृत्युपत्र लिहून फ्लॅट मला दिला. गेल्या महिन्यात त्यांचे निधन झाले. सोसायटीच्या दप्तरात नॉमिनी म्हणून थोरल्या भावाचे नाव आहे आणि त्यामुळे घर आपलेच, असे तो म्हणतो. सचिव प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, आणायला सांगतात, तर एक परिचित वकील म्हणतात की प्रोबेटची सक्ती आता उठली आहे. मृत्युपत्रावरील दोन साक्षीदारांपैकी एकच हयात आहेत. मी काय करावे? (एक वाचक भगिनी, मुंबई)

उत्तर : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५४ब-१३ नुसार नॉमिनीला केवळ तात्पुरता सदस्य करून घेता येते, आणि तेही खरे हक्कदार ठरेपर्यंत. कंपन्यांच्या शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले की नामनिर्देशनाने वारसाहक्क डावलला जात नाही. तेव्हा आपल्या बंधूंचा दावा नॉमिनेशनच्या कागदावर उभा राहत नाही. मात्र मृत्युपत्र सिद्ध झाले नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे प्रथम वर्गाचे वारस म्हणून आपण दोघे निम्म्या-निम्म्या हिश्शाचे धनी ठराल, हे विसरून चालणार नाही. म्हणजे खरा वाद मृत्युपत्राचा आहे.

आपले परिचित वकील सांगतात ते बरोबर आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम २१३ मुळे मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतील स्थावर मिळकतीविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्राचा आधार प्रोबेटशिवाय न्यायालयात घेता येत नसे. मुलुंडचा नाका ओलांडून ठाण्यात शिरले की तीच अट नाहीशी होत असे. इंग्रजी अमदानीतील तीन इलाखा शहरांपुरती राहिलेली ही विसंगती इतकी वर्षे का सांभाळली गेली, हे मला कधीच पटले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलम वगळले, ते योग्यच झाले. त्यामुळे केवळ जुन्या परिपाठावर बोट ठेवून प्रोबेट मागणाऱ्या सचिवांना ही दुरुस्ती लेखी कळवावी.

तरीही आपल्या प्रकरणात प्रोबेट घ्यावे, असेच मी सांगेन. सक्ती उठली ती प्रोबेटची. मृत्युपत्र सिद्ध करण्याची जबाबदारी जिथल्या तिथे आहे. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदार लागतात, आणि ते सिद्ध करताना त्यांपैकी निदान एकाची साक्ष नोंदवावी लागते. आज आपल्याकडे असे एकच गृहस्थ आहेत. चार-पाच वर्षांनी भावाने दावा लावला आणि तोवर तेही हयात नसले, तर मग साक्षीदाराचे अक्षर आणि वडिलांची सही ओळखणारे लोक शोधत बसावे लागेल. त्यापेक्षा आजच याचिका दाखल करून त्यांचे प्रतिज्ञापत्र जोडणे शहाणपणाचे. मुंबईत ही याचिका उच्च न्यायालयात करावी लागते. मृत्युपत्रात निष्पादक, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा एक्झिक्युटर, नेमलेला असेल तर प्रोबेट त्यालाच मिळते. नेमलेला नसेल तर मृत्युपत्र जोडलेले प्रशासनपत्र, अर्थात लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, आपण मागावे. भावाने कॅव्हिएट, म्हणजे हरकतीची नोंद, दाखल करून विरोध केला की याचिकेचे रूपांतर दाव्यात होते आणि मग काळ लागतो, याची मनाची तयारी ठेवावी.

एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. वडील आपल्या घरी असताना, आजारी असताना, मृत्युपत्र झाले आणि त्याचा लाभ आपल्यालाच झाला. संशयास्पद परिस्थितीचे निराकरण मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच करायचे, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९५९ पासूनचा दंडक आहे. सगळा मजकूर वडिलांच्या हस्ताक्षरात आहे, ही आपली मोठी जमेची बाजू. त्या काळातील डॉक्टरांचे कागद, वडिलांनी स्वतः केलेले बँकेचे व्यवहार, त्यांची पत्रे हे सारे जपून ठेवावे. आणि निकाल लागेपर्यंत फ्लॅटच्या हस्तांतराची नोंद करू नये, असे सोसायटीला लेखी देऊन पोच घ्यावी.

प्रश्न : वडील २०२२ मध्ये वारले. सर्व वडिलोपार्जित शेतजमीन आम्हा दोघा भावांना द्यावी, असे त्यांचे नोंदणीकृत मृत्युपत्र आहे. त्यावरून फेरफार होऊन सातबाऱ्यावर आमची नावे लागली. आता बहीण वाटा मागते. आई हयात आहे. (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : सातबाऱ्यावरील नोंद ही महसूल वसुलीसाठी असते, तिने मालकी मिळत नाही. मृत्युपत्राची नोंदणी झाली म्हणजे ते खरे असल्याला पुष्टी मिळते. पण जे वडिलांचे नव्हतेच, ते नोंदणी करूनही त्यांना देता येत नाही.

म्हणून आधी एका गोष्टीचा शोध घ्यावा. जमीन वडिलांकडे कशी आली? सगळेच तिला वडिलोपार्जित म्हणतात, परंतु आजोबांनी ती स्वतः खरेदी केली असेल आणि १७ जून १९५६ नंतर ते मृत्युपत्र न करता वारले असतील, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ नुसार वडिलांना मिळालेला वाटा त्यांची स्वतंत्र मिळकत ठरतो आणि त्याचे मृत्युपत्र त्यांना पूर्णपणे करता येते. याउलट जमीन एकत्र कुटुंबाची सहदायिकी मिळकत, म्हणजे जिच्यात जन्मानेच हिस्सा मिळतो अशी, असेल, तर आपली बहीण २००५ च्या दुरुस्तीमुळे जन्मतःच सहदायाद, म्हणजे हिस्सेदार, आहे; दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याचीही आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये ठरवले आहे. अशा स्थितीत वडील, आई आणि तीन मुले असे पाच समान हिस्से धरले जातील, कारण आपल्याकडे मुलांमध्ये वाटप होताना आईलाही हिस्सा मिळतो. वडिलांच्या मृत्युपत्राने त्यांचा एक पंचमांश तेवढा आपणा भावांकडे येतो. बहिणीचा पंचमांश तिचाच राहतो. जुने फेरफार उतारे काढून पाहिल्यावाचून भांडणाला उभे राहू नये. ती स्वखुशीने हक्क सोडत असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. तलाठ्यासमोरच्या जबाबावर विसंबू नये.

प्रश्न : आम्ही मूळचे मडगावचे आणि वडील अखेरपर्यंत तिथेच राहिले. पुण्यातला फ्लॅट त्यांनी मृत्युपत्राने मला दिला. पुण्यात महाराष्ट्राचाच कायदा लागेल ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. गोव्याचे अधिवासी असलेल्या व्यक्तीची मिळकत भारतात कुठेही असली, तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितले. गोव्यात मुलांचा निम्मा हिस्सा राखीव असतो आणि त्याला मृत्युपत्राने हात लावता येत नाही. शिवाय आईवडिलांचा विवाह तिथल्या सामायिक मालमत्तेच्या पद्धतीखाली झाला असेल, तर विवाहानंतर घेतलेल्या फ्लॅटचा अर्धा भाग मुळात आईचा आहे. मात्र राखीव हिश्शाचा हिशेब एकेका वस्तूचा नसून वडिलांच्या एकूण संपत्तीचा होतो. मडगावचे घर, ठेवी वगैरे धरून वडिलांचा फ्लॅटमधील भाग त्यांच्या मोकळ्या निम्म्यात बसत असेल, तर तो आपल्याला मिळू शकतो. हा हिशेब गोव्यातील इन्व्हेंटरी प्रोसीडिंगमध्ये, म्हणजे मिळकतीची यादी करून वाटप ठरवणाऱ्या कार्यवाहीत, होतो. तेव्हा पुण्यात काही करण्याआधी मडगावच्या वकिलांना कागद दाखवावेत.