बत्तीस इंची घ्यायचाय? आधी टेबल मोजा

गेमिंग मॉनिटरवर आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आणि २४ इंची फुल एचडी मॉनिटर आहे. आता ३२ इंची, १४४०पी (२५६० बाय १४४० पिक्सेल), १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ चित्रं दाखवणारा) घ्यायचा विचार आहे. टेबल दोन फूट खोल असून भिंतीला लागून आहे. गेम म्हणाल तर रोज व्हॅलोरंट, सुट्टीत सायबरपंक. थोडे पैसे वाढवून ४के घेऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ४के नको. ३२ इंचीलाही टेबल मोजल्याशिवाय होकार देता येणार नाही.

दोन फूट म्हणजे ६१ सेंटीमीटर. या मापाच्या मॉनिटरचा स्टँड साधारण २५ सेंटीमीटर जागा खातो, म्हणजे पडदा भिंतीपासून पंधरा-वीस सेंटीमीटर पुढे येतो. तुमचे डोळे टेबलाच्या कडेपासून वीस सेंटीमीटर मागे धरले, तरी पडदा आणि डोळे यांत ६०-६५ सेंटीमीटरच उरतात. ३२ इंची पडद्याची रुंदी ७१ सेंटीमीटर. इतक्या जवळून व्हॅलोरंटमधला डाव्या कोपऱ्यातला नकाशा पाहायला नुसती नजर पुरत नाही, मान वळवावी लागते. नेमबाजीचे गेम गंभीरपणे खेळणारे २४ ते २७ इंचांवर थांबतात ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ३२ इंचावर १४४०पी म्हणजे इंचाला साधारण ९२ पिक्सेल. तुमच्या आताच्या २४ इंची फुल एचडीवरही तेवढेच आहेत! पडद्यावर जागा वाढेल, पण अक्षरं आणि कडा आहेत तितक्याच खडबडीत राहतील. २७ इंची १४४०पीवर हाच आकडा १०९ होतो आणि ३२ इंची ४केवर १३८. चांगल्या नजरेच्या माणसाला सुटे पिक्सेल दिसेनासे व्हायला ९२च्या पडद्यापासून साधारण ९५ सेंटीमीटर, १०९च्या पडद्यापासून ८० आणि १३८च्या पडद्यापासून ६३ सेंटीमीटर अंतर लागतं. तुमच्या टेबलावर ९५ मिळणं शक्य नाही.

मग ४केच घ्यावा असं वाटेल, पण तिथे कार्ड आडवं येतं. प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रात, फुल एचडीला २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, १४४०पीला ३६.९ लाख आणि ४केला ८२.९ लाख. ३०६० वर व्हॅलोरंट १४४०पीला १६५च्या पुढे आरामात जाईल. सायबरपंकला मात्र याच रेझोल्यूशनवर सेटिंग मध्यम ठेवून डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र काढून ते मोठं करणारी सोय) ‘क्वालिटी’वर लावावं लागेल. ४केवर हेच कार्ड दमून जाईल आणि १६५ हर्ट्झचा पडदा चाळीस-पन्नास फ्रेमवर बसून राहील.

तेव्हा २७ इंची, १४४०पी, आयपीएस (पॅनेलचा एक प्रकार), १६५ किंवा १८० हर्ट्झ घ्या. ३२ इंचीच हवा असेल, तर मॉनिटर आर्म (टेबलाला आवळायचा, पडदा मागे सरकवू देणारा हात) लावा. त्याआधी मॉनिटरच्या पाठीवर आर्म बसवायची १०० बाय १०० मिलिमीटरची व्हेसा भोकं आहेत का ते पाहा. काही स्वस्त वक्र मॉडेलना ती नसतात. आर्मची वजनमर्यादा मॉनिटरच्या स्टँडशिवायच्या वजनाशी ताडून घ्या. घडी घातल्यावर आर्मचं कोपर मागच्या बाजूला निघतं आणि भिंतीला अडतं, म्हणून टेबल भिंतीपासून आठ-दहा सेंटीमीटर पुढे ओढावं लागतं. पार्टिकल बोर्डच्या टेबलावर क्लॅम्प थेट आवळू नका. काही महिन्यांत बोर्ड दबतो आणि मॉनिटर हळूहळू पुढे झुकतो. खाली-वर प्लायवुडचे तुकडे किंवा लोखंडी पट्टी द्या.

३२ इंची फुल एचडी मॉनिटरही बाजारात स्वस्तात मिळतात. इंचाला ६९ पिक्सेल. टेबलावर तर अजिबात घेऊ नका.

प्रश्न : १६५, १८० आणि २४० हर्ट्झ यांत डोळ्यांना खरंच फरक कळतो का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, १४४वर ६.९, १६५वर ६.१ आणि २४०वर ४.२. ६०वरून १४४वर गेलात की जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, ते कुणालाही जाणवतात. १४४वरून १६५वर जेमतेम एक मिलिसेकंदाचा फरक पडतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. २४०चा फायदा आहे, पण तुमचं कार्ड आणि मुख्य म्हणजे प्रोसेसर त्या गेममध्ये सतत दोनशेच्या वर फ्रेम देत असेल तरच. हलक्या गेममध्ये फ्रेम अडतात त्या बहुतेक वेळा प्रोसेसरपाशी.

प्रश्न : १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण जुन्यात आणि यात काहीच फरक वाटत नाही. दुकानदार म्हणतो, डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. कार्ड जीटीएक्स १६५० आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सवयीचा इथे काही संबंध नाही. मॉनिटर ६० हर्ट्झवर चालू असणार. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज पुष्कळदा स्वतःहून ६०च धरतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा आणि ‘रिफ्रेश रेट’ची यादी उघडा. १६५ दिसलं तर निवडा, काम झालं.

यादीत १६५ नसेल तर पाठीमागे पाहा. केबल मदरबोर्डच्या पोर्टात खोचली आहे की खाली आडव्या बसलेल्या ग्राफिक्स कार्डच्या? मदरबोर्डमध्ये असेल तर तुमचं कार्ड नुसतंच बसून आहे. केबल योग्य जागी असेल, तर ती एचडीएमआय आहे का ते बघा. १६५०चं एचडीएमआय २.० जातीचं आहे. त्यातून चित्रासाठी प्रत्यक्ष १४.४ गिगाबिट प्रतिसेकंद जातात आणि १४४०पीचं १४४ हर्ट्झ त्यात जेमतेम मावतं. म्हणूनच बऱ्याच १४४०पी मॉनिटरांवर एचडीएमआयला १४४ आणि डिस्प्लेपोर्टला १६५ असे दोन वेगळे आकडे असतात. हे मॅन्युअलमध्ये असतं, खोक्यावर नसतं. डिस्प्लेपोर्ट १.४ मधून २५.९ गिगाबिट जातात, तेव्हा तीच केबल वापरा. खोक्यात नसेल तर वेगळी घ्या.

केबल घेताना दोन मीटरच्या वर जाऊ नका. लांब, साध्या केबलवर पूर्ण वेग लावला की पडदा मधूनच एक-दोन सेकंद काळा होतो आणि लोक मॉनिटर बदलून मागतात. अगदी स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलींत आणखी एक खोट सापडते: वीस नंबरची पिन जोडलेली असते. ती जोडलेली नसायला हवी. जोडलेली असली की मॉनिटरकडून कार्डाकडे वीज उलटी जाते. मग कॉम्प्युटर बंद केल्यावरही आतला एखादा दिवा मिणमिणत राहतो किंवा मशीन धड सुरू होत नाही. व्हेसा या मापं-नियम ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र असलेली केबल घेतली की हा ताप टळतो.

एवढं करूनही यादीत १६५ आलं नाही, तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१वर अडकली आहे का पाहा. काही मॉडेलमध्ये ‘ओव्हरक्लॉक’ नावाचं बटणही चालू करावं लागतं. शेवटी गेमच्या सेटिंगमधली फ्रेमची मर्यादा काढा. एल्डन रिंगसारखे काही गेम मुळातच ६० फ्रेमला बांधलेले आहेत, त्यांच्यावरून मॉनिटरची परीक्षा करू नका.

प्रश्न : ३२ इंची वक्र व्हीए मॉनिटर घेतला. अंधारातल्या दृश्यात कॅमेरा फिरवला की काळ्या वस्तूंमागे शेपटासारखा फराटा दिसतो. खोक्यावर तर १ मिलिसेकंद लिहिलंय. मॉनिटर खराब निघाला का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खराब नाही, व्हीए या पॅनेलच्या प्रकाराचा तो स्वभाव आहे. व्हीएचा काळा रंग आयपीएसपेक्षा खूप गडद असतो. आयपीएसचं काँट्रास्ट साधारण १०००:१, तर व्हीएचं ३०००:१ किंवा त्याहून जास्त. पण काळ्यावरून गडद करड्यावर जाताना त्याचे पिक्सेल रेंगाळतात आणि तोच तुमचा फराटा. थंडीत खोली गार असेल तर तो आणखी लांबतो. मॉनिटर अर्धा तास चालला की थोडा कमी होतो.

खोक्यावरच्या १ मिलिसेकंदापुढे बारीक अक्षरांत ‘एमपीआरटी’ लिहिलं आहे का पाहा. तो आकडा पिक्सेल बदलण्याच्या वेगाचा नाही. मागचा दिवा झपाझप चालू-बंद करून मिळवलेला असतो. तो मोड लावला की पडदा मंद होतो आणि बहुतेक मॉडेलमध्ये फ्रीसिंक (पडद्याचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) बंद पडतं. ‘जीटीजी’ (एका करड्या छटेवरून दुसरीवर जायचा वेळ) लिहिलेलं असलं तरी तो आकडा बहुधा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला लवकर बदलायला लावणारं सेटिंग, शेवटच्या पायरीवर लावून काढलेला असतो, आणि त्या पायरीवर वस्तूंभोवती फिकट, उलटी सावली उमटते. ती फराट्यापेक्षा जास्त खुपते.

करायचं ते इतकंच. मेनूत ओव्हरड्राइव्ह किंवा ‘रिस्पॉन्स टाइम’ मधल्या पायरीवर ठेवा. ‘ब्लॅक इक्वलायझर’ किंवा ‘शॅडो बूस्ट’ अशा नावाची सोय असेल, तर ती एक-दोन घरं वाढवा. काळा थोडा उजळतो आणि पिक्सेलला सर्वांत अवघड उडी मारावी लागत नाही. गडदपणा जरा जातो, ती किंमत. १६५ फ्रेमवर छान दिसणारा ओव्हरड्राइव्ह ७० फ्रेमवर उलट्या सावल्या काढतो, त्यामुळे तुमच्या नेहमीच्या गेममध्ये जेवढ्या फ्रेम मिळतात त्यावरच सेटिंग ठरवा. लोडिंगच्या वेळी पडदा लुकलुकत असेल, तर तो फ्रीसिंक आणि व्हीए यांच्या जोडीचा नेहमीचा दोष. फ्रेम एकदम वर-खाली होतात तेव्हाच तो दिसतो. गेमला मर्यादा घातली, म्हणजे १६५ हर्ट्झला १६०च्या आसपास, की बराच आटोक्यात येतो.

रात्री दिवे बंद करून गोष्टीचे गेम खेळणाऱ्याला व्हीए आजही आवडेल. नेमबाजी करणाऱ्याला आम्ही तो सुचवत नाही.

प्रश्न : पीएस५ (प्लेस्टेशन ५) साठी मॉनिटर हवा आहे. १८० हर्ट्झचा घेऊ का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पीएस५ १२०च्या वर जात नाही, त्यामुळे वरचे ६० तिच्यासाठी वाया. १४४०पीची सोय तिला सप्टेंबर २०२२मध्ये मिळाली, तेव्हा १४४०पी मॉनिटर आता चालतो. ४के १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर (फ्रेमप्रमाणे बदलणारा रिफ्रेश रेट) मात्र एचडीएमआय २.१ शिवाय मिळत नाहीत. नुसतं फ्रीसिंकचं लेबल पाहून घेतलात तर फसाल, कारण एचडीएमआय २.०वरचं फ्रीसिंक पीएस५ ओळखत नाही. खोक्यावरच्या ‘२.१’वरही जाऊ नका. नव्या नियमांत जुन्या २.० इतक्याच वेगाच्या पोर्टालाही ते नाव लावता येतं. दुकानदाराला सरळ विचारा, ‘एचडीएमआयवर ४के किती हर्ट्झ?’ उत्तर ६० आलं तर ते जुनंच पोर्ट. आवाजासाठी मॉनिटरच्या स्पीकरवर भिस्त ठेवू नका, बऱ्याच गेमिंग मॉनिटरना ते नसतातच. हेडफोन कंट्रोलरच्या खालच्या भोकात लावा.

प्रश्न : दिवसा आठ तास कोडिंग, रात्री गेम. ४२ इंची ओलेड टीव्हीच मॉनिटर म्हणून लावला तर?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : गेमसाठी उत्तम, तुमच्या दिवसासाठी नाही. टास्कबार आणि एडिटरची चौकट रोज आठ तास एकाच जागी उभी राहिली की ओलेडवर त्यांचा ठसा उमटण्याची भीती असते. पांढरी खिडकी पूर्ण पडदाभर उघडली की टीव्ही स्वतःहून मंद होतो, आणि उपपिक्सेलची (पिक्सेलमधल्या रंगीत ठिपक्यांची) मांडणी वेगळी असल्याने अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते. पडदा ९३ सेंटीमीटर रुंद. ७५-८० सेंटीमीटर खोल टेबल नसेल तर विचारच सोडा. शिवाय टीव्हीला बहुधा डिस्प्लेपोर्ट नसतं आणि कॉम्प्युटर जागा झाला की तो बरेचदा जागा होत नाही, रिमोट शोधावा लागतो. तुम्हाला ३२ इंची ४के आयपीएस, १४४ हर्ट्झ जास्त सोयीचा. त्यासाठी कार्डाला आणि मॉनिटरला डीएससी (चित्र दाबून पाठवायची सोय) हवं, कारण ४के १४४ हर्ट्झ डिस्प्लेपोर्ट १.४ मधून दाबल्याशिवाय मावत नाही. आरटीएक्स २० मालिकेपासून पुढच्या कार्डांत ते आहे.

प्रश्न : मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन घेणार आहे. तिथल्या तिथे काय तपासू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी भावाचं. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १ जानेवारी २०१९पासून १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्यांवर, म्हणजे ३४ इंची अल्ट्रावाइडवर वगैरे, तो २८ टक्के होता; २२ सप्टेंबर २०२५पासून तोही १८ झाला. कुणी ३४ इंचीचा जुना दर लावत असेल तर बिलावरचा कर पाहा.

खोका उघडायला लावा आणि पडदा काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असा पाच वेळा भरून बघा. काळ्यावर एखादा ठिपका कायम पेटलेला दिसेल किंवा पांढऱ्यावर मेलेला. पैसे देण्यापूर्वीच विचारा की किती ठिपक्यांना बदली मिळते. बऱ्याच कंपन्या एक-दोन ठिपके दोष धरत नाहीत आणि घरी गेल्यावर दुकानदारही हात वर करतो. काळ्या पडद्यावर कोपऱ्यात उजेड दिसला तर डोकं डावीकडे-उजवीकडे हलवा. उजेड सरकला तर ती आयपीएसची नेहमीची झाक, जागेवरच राहिला तर कडेतून प्रकाश गळतोय. मोबाइलच्या फोटोत हा उजेड असतो त्याहून कितीतरी भडक येतो, त्यामुळे डोळ्यांनीच ठरवा.

बिलावर मॉडेल क्रमांक पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. त्या एका अक्षराने स्टँड किंवा पॅनेल बदललेलं असू शकतं. अनुक्रमांक खोक्यावरच्या आणि पाठीवरच्याशी जुळवा. लोकलने नेणार असाल तर गर्दीची वेळ टाळा आणि खोका उभाच धरा. आडवा ठेवून त्यावर कुणाची बॅग आली की पॅनेल गेलंच, आणि दाबाने फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही.