17 वर्षं जुनी गाडी इंग्लंडमधून फ्रान्स-स्वित्झर्लंडला न्यायची आहे. ब्रेकडाउन कव्हर (वाटेत गाडी बंद पडली तर मदतीची हमी) मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2008 ची आहे, छान चालते, पण दोन कंपन्यांनी वय ऐकूनच नाही म्हटलं आणि तिसरीने हो म्हणून जवळपास दुप्पट पैसे सांगितले. ते महागडं कव्हर घ्यावं, की सरळ भाड्याची गाडी न्यावी, असा तुमचा प्रश्न आहे.

कव्हर मिळतं. आमच्या 2005 च्या कोरोलाला मिळालं होतं, आणि ते वापरायची पाळीही आली. तेव्हा जे कळलं ते आधी सांगते: जुन्या गाडीच्या बाबतीत सगळे वयाच्या मागे लागतात, पण खरी मेख गाडीच्या किमतीत असते. वयामुळे नाही म्हणणारी कंपनी निदान घरी असतानाच नाही म्हणते. किमतीचं कलम मात्र तुम्ही परमुलखात रस्त्याच्या कडेला उभे असताना वर येतं.

झालं असं. 13 ऑगस्ट 2022, शनिवार. मी, नवरा, आमचा आठ वर्षांचा मुलगा आणि नाशिकहून आलेली आई असे चौघं स्वित्झर्लंडला जायला फ्रान्सच्या कॅले बंदराहून ए26 या मोटरवेने रँस शहराच्या दिशेने निघालो होतो. त्या आठवड्यात फ्रान्समध्ये उष्णतेची लाट होती. दुपारी चारच्या सुमारास तापमानाचा काटा मध्यापासून सरकायला लागला. मी एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला (इंजिनाची उष्णता थोडी आत ओढली जाते, घाटात शिकलेली युक्ती), पण काटा काही खाली येईना. शेवटी गाडी कडेला घेतली. बॉनेटखालून वाफ आणि कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, तो गोडसर वास. वॉटर पंप गेला होता.

आईने शांतपणे पर्समधून नॅपकिन काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि म्हणाली, "कुठे ठेवू गं?" बाबांची प्रीमियर पद्मिनी कसारा घाटात बंद पडली की ते इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवायचे, ते तिच्या डोक्यात. तिला म्हटलं, आई, ते फडकं डोक्यावर ठेव आणि आधी कठड्याच्या पलीकडे चल. माणसं चार आणि लांबून दिसणारी पिवळी जाकिटं दोनच. एक मुलाला घातलं, एक आईच्या साडीवर. तुम्ही माणशी एक घ्या आणि डिकीत नव्हे, सीटखाली ठेवा.

आता फ्रान्सची एक गोष्ट आपल्या लोकांना हमखास माहीत नसते. तिथल्या टोलच्या मोटरवेवर तुमची ब्रेकडाउन कंपनी स्वतःचा ट्रक पाठवू शकत नाही. त्या पट्ट्याचा ठेका ज्या टोईंगवाल्याकडे असतो तोच येतो. कडेला दर दोन किलोमीटरवर नारिंगी फोन असतात. तो उचलला की तुम्ही कुठे आहात ते त्यांना आपोआप कळतं. फोनपर्यंत जाणं धोक्याचं वाटलं तर 112 लावा. दर सरकारने ठरवलेला असतो, आणि संध्याकाळी 6 ते सकाळी 8, शनिवार-रविवार आणि सुटीच्या दिवशी त्यावर 50 टक्के जास्त लागतात. हे पैसे बहुतेक वेळा तुम्हीच जागेवर भरायचे आणि नंतर कव्हरवाल्यांकडून मागायचे. म्हणून कार्डात शिल्लक हवी आणि पावती जिवापाड जपायला हवी. आमचा ट्रकवाला अर्ध्या तासात आला. केबिनमध्ये आम्ही चौघं कशीबशी मावलो. पाचवं माणूस असतं तर काय केलं असतं ते मला आजही सांगता येणार नाही.

त्याने आम्हाला लाँ नावाच्या गावात आणून सोडलं. शनिवारची संध्याकाळ, पुढे रविवार, आणि सोमवारी 15 ऑगस्ट. फ्रान्समध्येही त्या दिवशी सार्वजनिक सुटी असते, त्यांच्याकडे तो मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण. इकडे घरच्या ग्रुपवर 'हर घर तिरंगा'चे फोटो येत होते आणि आम्ही हॉटेलच्या खोलीत मंगळवारची वाट बघत बसलो होतो. ऑगस्टमध्ये तिथली बरीच गॅरेजं सुटीवरही जातात, आमचं सुदैवाने गेलं नव्हतं. तीन रात्रींचं हॉटेल कव्हरमधून मिळालं, माणशी ठरावीक मर्यादेपर्यंत. भाड्याची गाडीही देऊ केली होती, पण शनिवारी संध्याकाळी भाड्याचं ऑफिस बंद, आणि चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागेल असं सांगितलं. माझ्याकडे डेबिट कार्ड. विषय संपला.

मंगळवारी गॅरेजवाल्याने पंप, बेल्ट, कूलंट आणि मजुरी मिळून 430 युरो सांगितले. मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार नम्रपणे म्हणाला की सुटे भाग आणि गॅरेजची मजुरी कव्हरमध्ये नाही. म्हटलं ठीक आहे, मग गाडी घरी रेडिंगला पोचवा, तिथे आमच्या ओळखीचा मेकॅनिक निम्म्या पैशात करेल. त्यावर तो म्हणाला, तुमच्या गाडीची बाजारातली किंमत आम्ही 900 पौंड धरतोय. इथून घरापर्यंत आणायचा खर्च त्याहून जास्त आहे. तेव्हा आम्ही आणणार नाही.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. नव्हती. जवळपास प्रत्येक पॉलिसीत हे कलम असतं: गाडी परत आणायचा खर्च तिच्या इंग्लंडमधल्या बाजारभावापेक्षा जास्त होत असेल तर ते आणत नाहीत. काही कंपन्या दुरुस्तीचा खर्चही या हिशेबात धरतात. म्हणजे गाडी जितकी जुनी तितकं हे कलम आधी लागू होणार. मग पर्याय उरतात दोन: तिथेच स्वखर्चाने दुरुस्त करा, नाहीतर गाडी तिथेच सोडा. आणि सोडणंही फुकट नसतं. गॅरेजच्या आवारात उभी आहे तोवर भाडं चढतं, आणि ब्रेक्झिटनंतर इंग्लंडच्या नंबरची गाडी युरोपात कायमची ठेवायची म्हटलं की कस्टमचे कागद मागे लागतात. गाडीची काय विल्हेवाट लावली ते इकडे डीव्हीएलएला (गाड्यांची नोंदणी ठेवणारं सरकारी खातं) कळवावं लागतं ते वेगळंच.

आम्ही 430 युरो भरले. पंप बुधवारी आला, गुरुवारी घरी परत निघालो.

मधल्या दिवसांत एक बरं झालं. लाँचं कॅथेड्रल टेकडीवर आहे आणि त्याच्या मनोऱ्यांतून दगडी बैल खाली डोकावतात. बांधकामाचे दगड टेकडीवर ओढून नेणाऱ्या बैलांची आठवण म्हणून ते घडवले असं सांगतात. आई मान वर करून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे यांच्याकडेही पोळा असतो की!" तिला अजून स्वित्झर्लंड राहिल्याचं वाईट वाटत नाही, बैल मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

असो. तुमच्या त्या तिसऱ्या कंपनीकडे वळू. दुप्पट पैसे ऐकून लगेच सोडू नका, पण घ्यायच्या आधी पॉलिसीचा पूर्ण दस्तऐवज मागवा आणि त्यात 'मार्केट व्हॅल्यू' आणि 'अनइकॉनॉमिकल' हे दोन शब्द शोधा. जिथे सापडतील तो परिच्छेद दोनदा वाचा. मग फोन करून विचारा: माझ्या गाडीची किंमत आज तुम्ही किती धराल? ती कोण ठरवतं? गाडी आणणार नसाल तर निदान तेवढी रक्कम दुरुस्तीला द्याल का? माणसांना घरी पोचवाल का? शेवटच्या प्रश्नाला जवळजवळ सगळे हो म्हणतात, आणि माझ्या मते जुन्या गाडीसाठी पैसे याचेच मोजायचे असतात. कव्हर माणसांसाठी घ्यायचं. गाडी परत आली तर ती वरकमाई समजायची. या हिशेबाने मला ते दुप्पट पैसेही फार वाटत नाहीत, तीन रात्रींच्या हॉटेलातच वसूल होतात.

वयाची मर्यादा कंपनीगणिक बदलते. कोणी 10 वर्षांवर थांबतं, कोणी 15-16 वर, कोणी वय चालवून घेतं पण जास्तीचे पैसे लावतं. वय मोजतात ते लॉगबुकात (गाडीच्या नोंदणीपत्रात) 'बी' या अक्षरापुढे पहिल्या नोंदणीची तारीख असते तिथून. भाव तुलना करणाऱ्या साइटवर नाही दिसलं म्हणजे कुठेच नाही असं समजू नका. एए, आरएसी, ग्रीन फ्लॅग अशा मोठ्या नावांना थेट फोन करा, तुमच्या गाडीच्या विमा कंपनीला जोडकव्हर आहे का विचारा, आणि दरमहा पैसे घेणारं बँक खातं असेल तर त्याचे कागद उघडून बघा. काही खात्यांबरोबर युरोपचं ब्रेकडाउन कव्हर आधीच येतं आणि लोकांना पत्ताच नसतो. जर्मनीत राहणारं कुणी हे वाचत असेल तर: एडीएसी या तिथल्या मोटार क्लबचं साधं सदस्यत्व जर्मनीपुरतंच आहे, युरोपसाठी 'प्लस' लागतं.

देशांच्या यादीत स्वित्झर्लंड आहे ना ते बघा, सहसा असतंच. सहल किती दिवसांपर्यंत चालते तेही. आणि एमओटी (गाडीच्या वार्षिक तपासणीचा दाखला) परतीच्या तारखेपर्यंत चालू असू द्या. सर्व्हिसिंगची पावतीही जवळ ठेवा, कारण 'गाडीची निगा राखली नव्हती' हे नकाराचं आवडतं कारण आहे.

भाड्याच्या गाडीबद्दल: पर्याय वाईट नाही, पण इंग्लंडमधली भाड्याची गाडी युरोपात न्यायला कंपनीची परवानगी, जास्तीचे पैसे आणि लॉगबुकाऐवजी व्हीई103 नावाचा कागद लागतो. शिवाय उजव्या बाजूने चालणाऱ्या रस्त्यावर तुम्ही स्टिअरिंग उजवीकडेच असलेली गाडी चालवणार. त्यापेक्षा तिकडे विमानाने जाऊन तिथली गाडी घेतलेली बरी. दोनच माणसं असाल तर मी तेच करीन. आजी, मुलं, डबे, कुकर सगळं बरोबर असेल तर आपलीच गाडी.

कागदांचं थोडक्यात: लॉगबुकाची मूळ प्रत, विम्याचं प्रमाणपत्र, धोक्याचा त्रिकोण, समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊ नये म्हणून दिव्यांना लावायच्या पट्ट्या, आणि मागे 'यूके' स्टिकर. जुना 'जीबी' सप्टेंबर 2021 पासून चालत नाही. विमा कंपनीला फोन करून युरोपात पूर्ण विमा चालू राहतो की फक्त थर्ड पार्टी, हे विचाराच. ब्रेकडाउन कव्हर म्हणजे गाडीचा विमा नव्हे. आणि भारतीय पासपोर्टवर कुणी बरोबर असेल तर शेंगेन व्हिसा मागताना परतीच्या पुढे चार-पाच दिवस धरून मागा. आईचा व्हिसा अगदी रविवारपर्यंतचा होता. गुरुवारऐवजी पुढचा सोमवार उजाडला असता तर गाडी बाजूलाच राहिली असती.

आणखी एक. निघायच्या आधी आठवडाभर रोज रात्री गाडीखाली एक जुना पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी बघा. आमच्या दारात जूनपासून एक गुलाबी ठिपका पडत होता. टोयोटाचं कूलंट गुलाबी असतं. मला वाटलं मुलाचा रंगीत खडू, आणि मी तो दर रविवारी न चुकता धुऊन काढत होते.