जन्मदर, जननदर आणि प्रजननक्षमता

एका वाचकाने विचारले आहे, की एका बातमीत ‘देशाचा जन्मदर २.१ च्या खाली गेला’ असे वाक्य होते आणि त्याच विषयावरच्या लेखात ‘देशाची प्रजननक्षमता घटली’ असे म्हटले होते. हे शब्द समानार्थी आहेत का, आणि नसल्यास कोणता वापरावा?

ते समानार्थी नाहीत, आणि या दोन्ही वाक्यांत चूक आहे. जन्मदर म्हणजे एका वर्षात दर हजार लोकसंख्येमागे होणारे जिवंत जन्म. जन्मांची संख्या अतिशय घटलेल्या दक्षिण कोरियातही २०२३ मध्ये तो साडेचारच्या आसपास होता. बातमीतला २.१ हा आकडा आहे एकूण जननदराचा : स्त्रियांना वेगवेगळ्या वयोगटांत मुले होण्याचे सध्याचे दर कायम राहिले, तर एका स्त्रीला तिच्या जननवयात सरासरी किती मुले होतील, हे तो सांगतो. पुढची पिढी आधीच्या पिढीएवढी राहण्यासाठी तो साधारण २.१ लागतो, आणि यालाच प्रतिस्थापन पातळी म्हणतात. दोनच्या वरचा ०.१ यासाठी, की मुलींपेक्षा मुलगे किंचित अधिक जन्मतात आणि काही मुली जननवय पार करण्याआधीच दगावतात.

दुसऱ्या वाक्यातली चूक मला अधिक खटकते. ‘क्षमता’ म्हटले की शरीराचे सामर्थ्य डोळ्यांसमोर येते. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ वर आला, त्यामागे उशिरा होणारी किंवा न होणारी लग्ने, घरांच्या किमती, मुलांच्या शिक्षणाचा खर्च आणि नोकरी व मातृत्व यांची ओढाताण ही कारणे प्रामुख्याने सांगितली जातात. तिथे ‘प्रजननक्षमता घटली’ असे लिहिले, की सामाजिक व आर्थिक प्रश्न नकळत स्त्रीच्या शरीरावर ढकलला जातो. मूल नसण्याचा दोष आधीच तिच्या माथी मारला जात असताना लिहिणाऱ्याने हा शब्द जपून वापरायला हवा. तो वैद्यकीय संदर्भापुरताच ठेवावा.

‘प्रजनन दर’ हा रूढ शब्द मात्र चूक नाही. ‘प्रजा’ आणि ‘प्रजनन’ हे दोन्ही शब्द ‘प्र’ आणि ‘जन्’ यांपासून आलेले आहेत, आणि संस्कृतात ‘प्रजा’चा एक अर्थ संतती असाच आहे. तरीही पशुप्रजनन, प्रजनन केंद्र अशा वापरामुळे त्या शब्दाला जी छटा आली आहे, ती माणसांविषयी लिहिताना नको वाटते, म्हणून मी ‘जननदर’ पसंत करतो.

आणखी एक गल्लत वारंवार दिसते. जननदर प्रतिस्थापन पातळीखाली गेला, की ‘लोकसंख्या घटू लागली’ असे लगेच लिहिले जाते. जपानचा जननदर १९७०च्या दशकाच्या मध्यापासून त्या पातळीखाली आहे, पण तिथली लोकसंख्या २००८च्या सुमारास शिखरावर पोहोचली आणि त्यानंतर उतरू लागली. आधीच्या मोठ्या पिढ्या जननवयात असेपर्यंत जन्म मृत्यूंपेक्षा अधिक राहतात. या ओघाला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. भारतातही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जननदर २.० आढळला, पण लोकसंख्या वाढतेच आहे. अशा काळात ‘वाढीचा वेग मंदावला’ हेच शब्द खरे ठरतात.

तेव्हा बातमीतले ते वाक्य मी असे लिहीन : ‘देशाचा एकूण जननदर प्रतिस्थापन पातळीच्या, म्हणजे २.१ च्या, खाली गेला.’