निर्वासित, शरणार्थी आणि अडगळीतला 'परागंदा'

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. शाळेच्या ग्रंथालयासाठी त्या मुलांच्या आणि कुमारांच्या इंग्रजी पुस्तकांचे छोटे मराठी परिचय लिहीत आहेत. पुस्तकं युद्धामुळे किंवा छळामुळे देश सोडावा लागलेल्या मुलांची. रेफ्युजीला निर्वासित म्हणायचं की शरणार्थी? असायलम सीकरला, म्हणजे परक्या देशात आसऱ्यासाठी अर्ज केलेल्याला, काय म्हणायचं? शिवाय एका सहकाऱ्यांनी सल्ला दिलाय की सगळ्यांना सरसकट 'स्थलांतरित' म्हणा, कुणी दुखावत नाही.

आधी या सहकाऱ्यांचा समाचार घेतो. स्थलांतर रोहित पक्षी करतात. शिवडीच्या चिखलात येतात, पोटभर खातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर निघून जातात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं स्थलांतर करतात, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गावाकडे फिरतात. परतायचं कधी, हे दोघांनाही माहीत असतं. रात्रीतून घर सोडून पळालेल्या पोराला हा शब्द लावायचा म्हणजे त्याच्या गोष्टीतला अर्धा भाग खोडरबराने पुसायचा. तरी बातम्यांत रोज चालू आहे: 'स्थलांतरितांची बोट बुडाली'. दुखावत नाही म्हणे! शब्दाला काही म्हणायचंच नसेल तर तो दुखावणार कशाला? 'विस्थापित' धरणग्रस्तांसाठी राखून ठेवा. कोयनेच्या पाण्याने घर गेलेला माणूस सरहद्द ओलांडून गेलेला नसतो.

आता निर्वासित. सगळ्यांना ठाऊक असलेला अर्थ सांगत बसत नाही. हा शब्द मराठी घराघरात पोचला तो फाळणीनंतर, सिंधी कुटुंबं कल्याण कॅम्पात उतरली तेव्हा. १९४९ मध्ये त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं, पण पत्त्यात 'कॅम्प नंबर चार' अजून आहेच. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला तर एकाच जागेवर दोनदा छावणी वसली. १९४३ पासून तिथे पोलंडचे लोक होते, त्यात मुलं भरपूर. ते गेल्यावर सिंधी आले आणि त्याचं गांधीनगर झालं. आज कोल्हापूरकर तिथे घाऊक कापड घ्यायला जातो.

व्युत्पत्ती सरळ आहे. 'वस्' म्हणजे राहणे, त्याचं प्रयोजक रूप, आधी 'निर्'. राहत्या जागेतून ज्याला बाहेर काढलं तो निर्वासित. गंमत अमरकोशात, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, आहे. तिथे वधाचे पर्याय मोजताना अमरसिंहाने 'निर्वासनं' शब्द मारणाच्या पंगतीला बसवलाय, आणि त्याच पंगतीत 'प्रवासनं'सुद्धा आहे! घराबाहेर काढणं आणि जिवे मारणं यांत जुन्या संस्कृताला फारसा फरक वाटत नसावा.

पण अडचण इथेच सुरू होते. निर्वासित म्हटलं की काढणारा कुणीतरी लागतो. युगांडात १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकललं, त्यात गोव्याची घरंही होती. तिथे हा शब्द चपखल बसतो. वळिवड्याच्या पोलिश मुलांनाही बसतो, कारण सोव्हिएत सत्तेने त्यांना घरातून उचलून आधी सैबेरियाकडे नेलं होतं. मात्र ज्यांच्यामुळे 'रेफ्युजी' हा शब्द इंग्रजीत आला, त्यांनाच तो बसत नाही. ते फ्रान्सचे ह्यूगेनॉ, म्हणजे प्रॉटेस्टंट. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये त्यांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, धर्मगुरूंना देशाबाहेर घालवलं आणि बाकीच्यांना जायची बंदी केली! पळताना सापडलेल्या पुरुषाला गलबतावर वल्ही मारायची सजा होती. तरी लाखांवर लोक निसटले. त्यांना कुणी काढलेलं नव्हतं, उलट कोंडून ठेवलं होतं.

शरणार्थी. हा हिंदीतून आलेला पाहुणा आहे आणि हिंदीत तो अगदी ठीक आहे, कारण तिथे 'शरण लेना' म्हणजे आसरा घेणं. मराठीत आपण शरण 'जातो' किंवा 'येतो', आणि तेही बहुधा हात वर करून. गडचिरोलीत नक्षलवादी पोलिसांना शरण येतात. पाचवीतली मुलगी 'शरण' हा शब्द तिथूनच उचलणार आणि 'शरणार्थी मुलगा' वाचून विचारणार, "तो हरला का?"

यावर माझे एक विद्वान स्नेही दर वेळी उसळून उठतात. त्यांचं म्हणणं, महाराष्ट्रात रोज लाखो लोक बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणारं त्रिशरण म्हणतात, ते काय पराभव कबूल करतात? नाही करत. पालीतल्या 'सरणं'मध्ये जुना अर्थ शाबूत आहे, आणि तो इतका सुंदर आहे की स्नेह्यांनी तो स्वतःहून सांगायला हवा होता. अमरकोश सांगतो, 'शरणं गृहरक्षित्रोः'. शरण म्हणजे घर आणि शरण म्हणजे रक्षण करणारा. तेव्हा शरणार्थी म्हणजे घर मागणारा! मान्य, शंभर टक्के मान्य. पण कोशातला अर्थ आणि कानातला अर्थ यांत भांडण लागलं की कान जिंकतो, आणि मुलं अमरकोश मांडीवर घेऊन गोष्टी वाचत नाहीत. शिवाय फाळणीत आलेल्या कितीतरी सिंधी-पंजाबी लोकांनी हा शब्द स्वतःच झिडकारला होता. आम्हाला शरणार्थी म्हणू नका, पुरुषार्थी म्हणा, असं ते ठणकावून सांगत. ज्यांच्यासाठी शब्द, त्यांनाच तो नको होता. संपलं.

तर मग काय वापरायचं? ज्याच्यासाठी मी एवढा लिहायला बसलोय तो शब्द आपल्याच घरात अडगळीत पडलाय: परागंदा.

"दुष्काळाने रयत परागंदा झाली", "फौजेच्या उपद्रवाने गाव परागंदा झाला". पेशवाईच्या कागदपत्रांत हा शब्द जागोजागी भेटतो. आता तो कर्ज बुडवून पळालेल्या कर्जदारापुरता उरलाय. शुद्धीची हौस असलेले काही जण तो 'परा' अधिक 'गम्' असा संस्कृतात बसवतात. मग शेवटचा 'दा' कुठून आला? त्यावर मौन. शब्द सरळ फारसी आहे. 'परागंदन' म्हणजे विखुरणे, उधळणे, आणि 'परागंदा' म्हणजे विखुरलेला. माणसाला लागतो तसाच मनालाही. फारसी कवी सादीच्या 'गुलिस्तान'मध्ये रोजीरोटी विस्कटलेल्या माणसाला आणि त्याच्या विस्कटलेल्या मनाला हे एकच विशेषण लावलंय. आपले पारसनीस, म्हणजे दरबारातले फारसी लेखनिक, फारसी शिकत ती 'गुलिस्तान'वरच, म्हणून शब्द दफ्तरात आला यात नवल नाही. रयतेच्या तोंडी तो इतका का रुळला, याबद्दल माझं एक मत आहे. तो मराठी कानाला 'पराग' ऐकू येतो! वाऱ्याने उडालेले, कुठल्यातरी दूरच्या फुलावर पडून रुजणारे कण. कोशकार याला लोकव्युत्पत्ती म्हणून नाकं मुरडतील. मुरडोत. शब्द जगतात ते लोकव्युत्पत्तीवरच. ग्रीकांनी देशोदेशी पांगलेल्यांसाठी जो शब्द केला, डायस्पोरा, त्याच्याही मुळाशी बी पेरणंच आहे. फारसी शब्द आणि ग्रीक शब्द एकाच शेतात भेटले, तर मराठीने बांधावर उभं राहून 'हा आमचा नव्हे' कशाला म्हणायचं?

माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियन यांनी, १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश रचला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कैवारी झाले. कवी म्हणून मला ते फार प्रिय आहेत, पण या बाबतीत पहिले माधवराव बरोबर होते आणि दुसरे साफ चुकले. 'परागंदा' काढून टाकलात तर त्या जागी ठेवणार काय? 'इतस्ततः विकीर्ण'? शिवाय हा शब्द इराणात, अफगाणिस्तानात अजून जिवंत आहे, थोडा बदलून, 'पराकंदा' असा. काबूलहून निघालेल्या पोराची गोष्ट मराठीत आणताना त्याच्याच भाषेतला शब्द आपल्या दफ्तरात तयार मिळतो, हे भाग्य इंग्रजी लेखकाच्या नशिबी नाही.

तुमच्या पुस्तकांवर लावून बघा. जुडिथ कर यांचं १९७१ चं 'व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट' घ्या. अ‍ॅनाचे वडील बर्लिनचे नामांकित लेखक, नाझींवर टीका करणारे. १९३३ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर त्यांना पोलिसांतल्याच एकाचा फोन येतो की तुमचा पासपोर्ट जप्त होणार आहे. तापाने फणफणलेले असताना ते गाडीत बसून सरहद्द ओलांडतात. बायकापोरं मागून येतात. अ‍ॅनाला एकच खेळणं न्यायला परवानगी, आणि ती जुना गुलाबी ससा ठेवून नवा लोकरी कुत्रा घेते, कारण थोड्याच दिवसांत परतायचंय असा तिचा समज. या घराला कुणी निर्वासित केलं? कुणीच नाही, ते धरायच्या आत सुटले. हे कुटुंब शंभर नंबरी परागंदा आहे. वडील तर पेशवाई अर्थानेही, सत्तेच्या उपद्रवाने पळालेले.

शॉन टॅन यांच्या 'द अरायव्हल'मध्ये (२००६) एक अक्षर नाही, नुसती चित्रं. परक्या शहरातल्या पाट्यासुद्धा बनावट लिपीतल्या, म्हणजे वाचणाराही नव्या माणसाइतकाच निरक्षर. अनुवादकाला सुट्टी, पण परिचय लिहिणाऱ्या तुम्हाला नाही! तिथेही 'परागंदा' चालेल, कारण वाटेत भेटणारे बहुतेक जण कशापासून तरी पळून आलेले आहेत.

एका पुस्तकापुढे मात्र माझाही लाडका शब्द थकतो. झाना फ्रेलन यांचं 'द बोन स्पॅरो' (२०१६). त्यातला सुभी रोहिंग्या आईचा मुलगा, जन्मला तोच ऑस्ट्रेलियातल्या स्थानबद्धता केंद्रात, कुंपणाच्या आत. त्याला कुणी घरातून काढलं नाही, कारण घर नव्हतंच. तो कुठून पळाला नाही, विखुरला नाही. बाहेरची जिमी कुंपणातून आत येते तेव्हा तिला वाचता येत नसतं, आणि तिच्या आईच्या वहीतल्या गोष्टी हाच तिला वाचून दाखवतो. या पोराला मराठीत काय म्हणाल? निर्वासित, परागंदा, दोन्ही त्याच्या आईचे शब्द आहेत. परिचयात 'छावणीत जन्मलेला सुभी' एवढंच लिहा आणि पुढे व्हा. प्रत्येक पोरावर नामाची चिठ्ठी चिकटवायलाच हवी असं नाही.

हं, असायलम सीकर राहिला. भाषांतर यंत्रं 'आश्रय साधक' असं काहीतरी काढतात, जणू तो हिमालयात बसून आश्रयाची साधना करतोय. वर्तमानपत्रं 'राजाश्रय' लिहितात. राजाश्रय कवींना आणि गवयांना मिळायचा, मानधनासकट. ग्रीक मूळ बघा: 'आ' म्हणजे नाही आणि 'सूले' म्हणजे हिसकावून नेणं. जिथून कुणाला ओढून नेता येत नाही ती जागा, म्हणजे देवळाचं आवार. कायद्यात फरक इतकाच की ज्याने आसरा मागितलाय पण अर्जाचा निकाल लागायचाय तो असायलम सीकर आणि ज्याला रेफ्युजी म्हणून मान्यता मिळाली तो रेफ्युजी. १९५१ च्या जागतिक कराराने व्याख्या ठरवली, भारताने त्यावर सही केलेली नाही. त्यामुळे आपल्या कचेऱ्यांत हा फरक रोजच्या वापरात आला नाही आणि मराठीला वेगळा शब्दही घडवावा लागला नाही. घडवू नका. 'आसरा मागणारा' लिहा. 'आश्रयार्थी' अर्थाने बरोबर आहे, पण परीक्षार्थी, विद्यार्थी यांच्या रांगेत तो हॉलतिकीट घेऊन उभा असल्यासारखा दिसतो.

तुमच्या परिचयासाठी वाक्य असं करा: "अ‍ॅनाचं कुटुंब परागंदा होऊन स्वित्झर्लंडला गेलं." ग्रंथालयाच्या यादीत विषय म्हणून मात्र 'निर्वासित' ठेवा, मुलं त्याच शब्दाने शोधतील. आणि स्थलांतरितवाल्या सहकाऱ्यांना पक्ष्यांच्या पुस्तकांचे परिचय लिहायला द्या.