जाळीदार ग्लास-एपॉक्सी पॅनल : ड्रिल की पिना?

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा कळला : जळगाव एमआयडीसीतला शेड, ग्लास-एपॉक्सी प्रीप्रेगचं (आधीच एपॉक्सी रेझिन भरलेल्या काचेच्या कापडाचं) २ मिमी पॅनल, दर ६ मिमीवर ३ मिमीचं भोक. क्युअर झाल्यावर, म्हणजे तापवून रेझिन कडक झाल्यावर, ड्रिल मारलं की मागून पापुद्रे सुटतात. बिट बदलायचा की पिनांच्या साच्यावर जायचं?

कार्बाइडचा बिट, खाली घट्ट दाबलेलं हायलम (कडक लॅमिनेटची शीट) आणि बिट पलीकडे निघताना हलका हात, एवढ्याने पापुद्रे थांबतील. मूळ दुखणं मात्र तसंच राहील. दर ६ मिमीत ३ मिमी भोक म्हणजे उभे निम्मे धागे कापले गेले, आडवेही निम्मे. माल जातो जेमतेम २० टक्के, ताकद मात्र त्याहून बरीच जास्त जाते.

पिनेने धागा कापला जात नाही. रेझिन कच्चं असतानाच टोकदार पिन घुसवायची. गोणी शिवताना दाभणापुढे सुतळ्या सरकतात तसे धागे बाजूला होतात आणि भोकाला वळसा घालून जातात.

पण तुमच्या मापात हे बसणार नाही, आधीच सांगतो. ६ मिमीतले सगळे धागे उरलेल्या ३ मिमीत कोंबावे लागतील. मग रेझिनला जागा कुठे? भोकांच्या मध्ये पॅनल फुगेल नाहीतर कोरडं राहील. भोक दीड-दोन मिमीवर आणा किंवा अंतर वाढवा. ३ मिमीच हवं असा गिऱ्हाइकाचा हट्ट असेल, तर सरळ ड्रिल करा आणि जाडी वाढवा.

कापड सॅटिन विणीचं घ्या. साध्या विणीत धागा एकाआड एक अडकलेला असतो, सरकायला तयार नसतो. पिना स्टीलच्या, पॉलिश केलेल्या, टोकाला निमुळत्या. प्रत्येकीला मोल्ड रिलीज (रेझिन चिकटू नये म्हणून लावायचा लेप). एकेक थर बसवत जा, सगळी चळत एकदम दाबू नका. वरून त्याच मापाची भोकं पाडलेलं सिलिकॉन रबर ठेवा, पिनांची टोकं जेवढी वर निघतात त्यापेक्षा जाड. नाहीतर व्हॅक्यूम बॅग (हवा ओढून थर दाबणारी पिशवी) फाटलीच म्हणून समजा.

पिनांची प्लेटही स्टीलचीच हवी. १२० अंशांवरून ३० वर येताना ३०० मिमीची ॲल्युमिनियम प्लेट सुमारे ०.६ मिमी आकसते, स्टील त्याच्या निम्मं. ग्लास-एपॉक्सीचं आकसणं स्टीलच्या जवळपास असतं. ॲल्युमिनियमवर कडेच्या पिना अशा आवळतात की पॅनल निघता निघत नाही. (स्वस्त पडते म्हणून सगळे आधी तीच करून घेतात.)

आता आपल्याकडची गोष्ट. प्रीप्रेग उणे १८ अंशांत ठेवतात आणि बाहेर किती दिवस टिकेल ते एसी खोलीच्या हिशेबाने लिहिलेलं असतं. मे महिन्यात जळगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो आकडा विसरा. थर लावायला एसी खोली हवीच, आणि लोडशेडिंगमध्ये फ्रीझरला जनरेटर. रोल बाहेर काढला की बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पावसाळ्यात घाई करून पिशवी उघडली तर कापडावर दव धरतं आणि क्युअरमध्ये बुडबुडे येतात.

साचा जमला की नाही ते तपासायला एक तुकडा साधारण ५६५ अंशांच्या भट्टीत जाळा. रेझिन जळून नुसतं काचेचं कापड उरतं. धागे वळलेत की तुटलेत ते भिंगाखाली स्वच्छ दिसतं.

तुमच्या कापडाची वीण कोणती आणि एका सेंटिमीटरला किती धागे, ते कळवा. पिनेचा व्यास त्यावरून ठरवू.