युरोरॅक या छोट्या आकाराच्या सिंथेसायझरचं (इलेक्ट्रॉनिक वाद्याचं) मॉड्यूल, म्हणजे सुटा भाग, ५यू या मोठ्या आकाराच्या केसमध्ये बसवता येईल का?
हो, येतं. पॅनेलचं काम त्यातलं सोपं: युरोरॅकची उंची १२८.५ मिमी, ५यूची साधारण २२२ मिमी. नवीन ॲल्युमिनियमच्या पट्टीला भोकं पाडा, ३.५ मिमीऐवजी ६.३५ मिमीचे जॅक लावा आणि वायरने बोर्डाला जोडा.

खरी काळजी घ्यायची ती वीजपुरवठ्याची. युरोरॅक ±१२ व्होल्टवर चालतं, ५यू ±१५ वर, म्हणून मध्ये व्होल्टेज १२ वर आणणारे ७८१२ (अधिक बाजूला) आणि ७९१२ (उणे बाजूला) रेग्युलेटर घालाच. दोघांच्या पायांचा क्रम वेगळा असतो, डेटाशीट बघून मगच सोल्डर करा. ७९१२ ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते, ती पॅनेलला अजिबात टेकू देऊ नका! युरोरॅकच्या वीजकेबलवरची लाल रेघ उणे १२ व्होल्टची बाजू दाखवते.

पिच (स्वराची उंची) दोन्हीकडे सहसा एक व्होल्टला एक सप्तक, त्यामुळे तिथे अडचण नाही. मूग कंपनीच्या जुन्या सिंथेसायझरला मात्र गेटऐवजी (स्वर चालू-बंद करणारा व्होल्टेजचा संकेत) एस-ट्रिगर (तेच काम ग्राउंडला शॉर्ट करून करणारा संकेत) लागतो.